पाठमोरा रोझेर

रोझेर पुलिओनं चौतीस वर्षं क्वेबेक शहर परक्या माणसांना दाखवलं, आणि तेही त्यांच्याकडे पाठ करून. बग्गीवाल्याचा धंदाच तसा. माणसं मागे, घोडी पुढे, आणि तोंडातली गोष्ट घोडीच्या दोन कानांच्या मधून रस्त्यावर सांडत जायची. "मंडळी, उजव्या हाताला बघा," असं म्हणताना रोझेरनं स्वतः कधी उजवीकडे बघितलं नाही. त्याची नजर रस्त्यावर, बसच्या चाकांवर, मध्येच फोटो काढायला उतरणाऱ्या येड्यांवर. मागे बसलेले लोक ऐकतायत की नाही हे त्याला बग्गीच्या स्प्रिंगांवरून कळायचं. कंटाळले की लोक मागे रेलतात आणि गाडी मागे बसते. गोष्ट आवडली की पुढे वाकतात आणि गाडी हलकेच पुढे येते. रोझेरची बग्गी बहुतेक वेळा पुढे आलेली असे.

समोरासमोर मात्र या माणसाच्या तोंडाला कुलूप. स्वतःच्या लग्नाच्या जेवणात त्याला चार शब्द बोलायला उभं केलं तर त्यानं ग्लास उचलला, पाहुण्यांकडे बघितलं, ग्लास रिकामा केला आणि खाली बसला. घरी भांडी घासायचं काम त्यानं पहिल्या दिवसापासून स्वतःकडे घेतलं होतं. बायका त्याच्या बायकोला म्हणायच्या, नशीबवान आहेस हो. बायकोला खरी गोम ठाऊक होती. सिंककडे तोंड केलं की रोझेरला बोलता यायचं. दिवसभरात काय झालं, कोण काय म्हणालं, बेटावरच्या मेहुणीला काय कळवायचं, सगळं तो ताटल्यांना सांगायचा आणि रोलाँद मागे टेबलाशी बसून ऐकायची.

रोलाँद म्हणजे त्याची बायको. कड्यावरच्या त्या किल्ल्यासारख्या मोठ्या हॉटेलात, शातोमध्ये, तिनं एकोणतीस वर्षं तळघरात चादरींना इस्त्री केली. शहरात येणारा प्रत्येक माणूस त्या हॉटेलचे हिरवे मनोरे बघून तोंड वासतो. रोझेर दिवसातून आठ वेळा त्याच्यासमोरून जायचा आणि आठही वेळा सांगायचा की इथं राजे उतरले, राण्या उतरल्या, महायुद्धाच्या काळात जगाचे धनी इथं खलबतं करून गेले. रोलाँद म्हणायची, "धनी गेले, पण चादरी माझ्याकडे आल्या. चादरींचं सांग की कधीतरी." तो म्हणायचा, "चादरी ऐकायला कोण येतंय?"

त्यांची ओळखच मुळी एका थापेवरून झाली. सेंट लुई रस्त्यावर एक जुनं एल्मचं झाड होतं. त्याच्या मुळांच्या बेचक्यात तोफेचा गोळा रुतून बसलेला. एकही बग्गी तिथं थांबल्याशिवाय पुढे जात नसे. सगळे बग्गीवाले सांगायचे की इंग्रजांनी शहराला वेढा घातला तेव्हा हा गोळा आला, झाडात घुसला, आणि झाडानं तो पोटाशी धरला. तरुण रोझेरही तेच सांगायचा, वर पदरचा थोडा मीठमसाला लावून. एक दिवस कामावरून सुटलेली एक मुलगी पायऱ्यांवर ऐकत उभी होती. प्रवासी निघून गेल्यावर तिनं खाली वाकून गोळ्यावर बोट वाजवलं.

"अहो बग्गीवाले, वरून आलेला गोळा मुळाच्या खाली कसा गेला?"

रोझेर तेव्हाच्या घोडीचा, म्हणजे आताच्या कानेलच्या आजीचा, पट्टा आवळत राहिला.

"हा कुणीतरी ठेवलाय," मुलगी म्हणाली. "तुमच्यासारख्यांची चाकं वळताना झाडाला घासू नयेत म्हणून. माझे बाबा पण बटाट्याच्या गाडीसाठी फाटकापाशी धोंडा ठेवतात."

काही लोक खरंच तसंच म्हणतात. खरं काय ते झाडाला माहीत. पण रोझेरला त्या दिवशी पहिल्यांदा कुणीतरी पकडलं होतं, आणि तो घोडीच्या मानेआडून म्हणाला, "लोकांना चाकाचं सांगितलं तर ते मागे रेलतात." त्या वाक्यावर तिनं त्याच्याशी लग्न केलं, असं ती पुढे सांगायची. घरात मग 'गोळा' हा शब्दच होऊन बसला. रोझेर काही फुगवून सांगायला लागला की रोलाँद म्हणायची, "गोळा नको. सरळ सांग." आणि तो सरळ सांगायचा. भांड्यांकडे बघत, पण सरळ.

त्या हिवाळ्यात रोलाँदला दवाखान्यात ठेवलं. जानेवारी संपता संपता डॉक्टरांनी हात टेकले. मूल नव्हतं, होती ती रोलाँदची थोरली बहीण ह्युगेत, बेटावर सेंट जाँ गावात, बापाच्या घरात एकटी राहणारी. ह्युगेतला नेमका तेव्हाच फ्लू झाला होता आणि दवाखान्यानं तिला येऊ नका म्हणून सांगितलं होतं. ती दिवसाला तीनदा फोन करायची.

रोलाँदच्या खोलीला खिडकी होती. रोझेर खिडकीकडे तोंड करून उभा राही आणि बोले. एकदा ती मागून म्हणाली, "माझ्या वेळी पाद्र्याला लांबण लावू देऊ नकोस. तू बोल."

"मी?"

"चौतीस वर्षं मेलेल्या सेनापतींचं सांगतोस ना परक्यांना? मग माझं आपल्या माणसांना सांग. एकच अट. गोळा नको."

"बघू."

"बघू नाही. हो म्हण."

"हो," तो काचेला म्हणाला.

मग ती हसली. "तुझ्या त्या वेढ्यात मेलेल्या फ्रेंच सेनापतीचं नशीब बघ. मठात बाँबनं खड्डा तयारच करून ठेवला होता, त्याला नुसतं आत ठेवलं. मला मे महिन्यापर्यंत रांगेत उभं राहावं लागणार."

कारण आमच्याकडे फेब्रुवारीत मेलेल्या माणसाला जमीन मिळत नाही. ती चार फूट गोठलेली असते. बेटावरच्या गावांत अजून जुनीच रीत आहे: चर्चमध्ये प्रार्थना होते, आणि पेटी कब्रस्तानाच्या कडेच्या दगडी खोलीत ठेवतात. जमीन सुटली की मे महिन्यात एकेकाला पुरतात. घरच्या माणसांना दोनदा काळे कपडे घालावे लागतात.

फेब्रुवारीच्या दुसऱ्या शनिवारी शहरात हिवाळी जत्रा ऐन भरात होती. सकाळी रोलाँदनं त्याला हाकललं. "जा, कानेलला बाहेर काढ. चार दिवस उभी आहे ती. चार वाजता ये. मी कुठं पळून चाललेय?" नर्सही म्हणाली, जा, आज बरी आहेत त्या. तो गेला. दोन वाजता त्यानं ओहायोचं एक कुटुंब घेतलं. चार वाजता तो दवाखान्यात आला तेव्हा पलंगाभोवतीचा पडदा ओढलेला होता. नर्सनं सांगितलं, दोन वाजून दहा मिनिटांनी. झोपेतच. पाच मिनिटांपूर्वी बघितलं तेव्हा श्वास चालू होता; ती परत आली तोवर गेलेल्या होत्या.

तो कॉरिडॉरमध्ये उभा असतानाच फोन आला. ह्युगेत. तिला कळलं होतं.

"रोझेर, एवढंच सांग मला. एकटी नव्हती ना रे ती? तू होतास ना?"

प्रवाशाला काय ऐकायचंय हे बग्गीवाल्याला त्यानं विचारायच्या आधी कळतं. चौतीस वर्षांची सवय. जित्याची खोड. रोझेरचं तोंड भिंतीकडे होतं, आणि शब्द आपोआप आले.

"होतो ना. हात धरून बसलो होतो. तिनं डोळे उघडले, माझ्याकडे बघितलं आणि शांत झाली."

फोनवर ह्युगेत रडली. "देवाची कृपा," ती म्हणाली. "देवाची कृपा रे बाबा." रोझेरला त्या क्षणी स्पष्ट जाणवलं की पलीकडे गाडी पुढे झुकली आहे.

त्यानंतर त्याला काहीच जाणवलं नाही.

सेंट जाँच्या चर्चमधल्या प्रार्थनेला तो बोलायला उभा राहिला. सगळं गाव समोर बसलेलं. ह्युगेत पहिल्या बाकावर. ती त्याच्याकडे अशी बघत होती, जणू आता तो त्या धरलेल्या हाताचं सांगणार. रोझेरनं एकदा लोकांकडे बघितलं, एकदा पेटीकडे. थाप सांगावी तर रोलाँदला दिलेला शब्द मोडत होता. खरं सांगावं तर ह्युगेतचा एकुलता आधार तिच्याच तोंडासमोर काढून घ्यायचा. तो मिनिटभर उभा राहिला आणि खाली बसला. मग ह्युगेतच उठली. तिनं त्याच्या वतीनं सगळं सांगितलं: हात धरला होता, डोळे उघडले, शांत झाली. बायकांनी रुमाल काढले. मागच्या बाकावर कुणीतरी हळूच म्हणालं, "आणि हा बघ. डोळ्यात टिपूस नाही. दगड आहे दगड."

रोझेरला ते ऐकू आलं आणि त्याला ते पटलंही.

गारठ्यात काम करणाऱ्या माणसाला एक गोष्ट माहीत असते. गोठलेलं बोट दुखत नाही. ते लाकडासारखं होतं, चिमटा काढला तरी कळत नाही, आणि माणसाला वाटतं चला, ठीक आहे. रोझेरचं सगळंच तसं झालं होतं. तो वेळेवर उठायचा, कानेलला घासायचा, वाटाण्याचं सूप गरम करायचा, भांडी घासायचा. सिंकशी उभा राहायचा पण बोलायचा नाही, कारण मागे टेबल रिकामं होतं. वाईट वाटत होतं असंही नाही. काहीच वाटत नव्हतं, आणि ते तसंच चालू राहील असं त्यानं धरून चाललं होतं.

त्याची थाप मात्र जोरात चालू होती. गोष्टी लोकांना आवडल्या की त्यांना पाय फुटतात. मार्चमध्ये तो ह्युगेतला भेटायला बेटावर गेला आणि वाटेत दुकानात शिरला तर काउंटरवरच्या म्हातारीनं त्याचा उजवा हात दोन्ही हातांत घेतला. "हाच ना तो हात?" ती म्हणाली. रोझेर म्हणाला, "हो." पुढच्या रविवारी चर्चच्या दारात आणखी तिघींनी. कुणी तर म्हणालं की रोलाँदनं शेवटी त्याचं नाव घेतलं. ते त्यानं कुणालाच सांगितलं नव्हतं. एल्मच्या मुळांत रुतला होता तसा हा गोळाही आता गावाच्या मुळात रुतला होता, आणि त्याच्याभोवती साल चढत होती.

एप्रिलअखेर नदीतला बर्फ फुटला, बग्ग्या पुन्हा चौकात लागल्या. आणि रोझेरच्या तोंडची गोष्ट झिजायला लागली. आधी तारखा गेल्या, मग राण्या गेल्या. त्याच्या मागच्या बग्गीवर क्लोव्हिस असायचा, सत्तरीचा, दात कमी आणि जीभ जास्त.

"काय रे म्हाताऱ्या," एका दुपारी तो खालूनच ओरडला, "तू म्हणे आज इंग्रजांचा आणि फ्रेंचांचा, दोन्ही सेनापती एकाच वाक्यात मारलेस? जेवायला तरी सोडायचंस त्यांना!"

"मेलेच ना ते."

"मेले, पण आपण त्यांना अर्धा तास मरायला लावतो. त्यावर तर पोट भरतं." क्लोव्हिसनं जवळ येऊन कानेलच्या कपाळावर थाप मारली आणि आवाज उतरवला. "घरी बस ना चार दिवस. दफन झाल्यावर ये."

"घरी बसून काय करू?"

"रड की, गाढवा."

"येत नाही," रोझेर म्हणाला. तक्रार म्हणून नव्हे. पाऊस येत नाही असं सांगावं तसं.

त्या दिवशी सेंट लुई रस्त्यावर कानेल नेहमीसारखी आपणहून झाडापाशी थांबली. मागे स्पेनचं एक जोडपं होतं. रोझेर काही बोलेना. शेवटी बाईनं विचारलं, "मुळात ते काय आहे?"

"गोळा."

"तोफेचा? लढाईतला?"

रोझेरनं तोंड उघडलं आणि त्याला घड्याळाचे काटे दिसले. दोनला चौकातून निघालो. कोपऱ्यावर बसला वाट दिली. झाडापाशी पोचलो तेव्हा दोन वाजून दहा. ओहायोची ती धाकटी मुलगी विचारत होती, झाडाला दुखलं का हो? आणि तो म्हणत होता, पोरी, झाडानं त्याला पोटाशी धरलं. बरोबर त्याच वेळी. हे त्याला फेब्रुवारीपासून माहीत होतं, पण आता ते समोर उभं राहिलं. तरी आत काही हललं नाही. त्यानं लगाम हलवला. "चल," तो कानेलला म्हणाला, आणि स्पेनचं जोडपं मागे रेललं.

ह्युगेतचा फोन आला. सतरा मे, शनिवार, अकरा वाजता. जमीन सुटली होती.

"या वेळी बोलशील ना?" तिनं विचारलं. "तिनं तुला सांगितलं होतं. मला तिनं फोनवर सांगितलेलं आहे. चर्चमध्ये मी निभावून नेलं, पण दुसऱ्यांदा मी तुझी वकिली करणार नाही."

"बोलेन."

"बघू. घोडामैदान जवळच आहे. आणि रोझेर, ते हाताचं तू स्वतः सांग. मला तुझ्या तोंडून ऐकायचंय. रोज रात्री तेवढंच आठवून झोप लागते मला."

रोझेरनं फोन ठेवला आणि एक ताटली घासली. ती स्वच्छच होती.

सतरा मेला ऊन होतं. सेंट जाँचं कब्रस्तान नदीला लागून आहे, मध्ये फक्त एक दगडी भिंत. ओहोटी होती, आणि चिखलात हजारो हिमहंस बसलेले. त्यांचा कलकलाट चालूच होता. दगडी खोलीचं दार उघडं होतं. चौघांनी पेटी उचलून खड्ड्याशी आणून ठेवली. तीसेक माणसं गोळा झाली होती. क्लोव्हिस आला होता, कोट उसना घेऊन. हॉटेलच्या इस्त्रीखात्यातल्या पाच बायका होत्या. पाद्र्यानं प्रार्थना आवरती घेतली आणि रोझेरकडे बघून मान हलवली.

रोझेर खड्ड्याच्या डोक्याशी येऊन उभा राहिला. समोर सगळे. ह्युगेत काळी हॅट घालून अगदी पुढे, हातावर हात ठेवून. त्याच्या उजव्या हाताकडे बघत.

तोंड उघडेना. पुन्हा तेच. हंस ओरडत होते. कुणीतरी खोकलं. ह्युगेतच्या ओठांची रेघ बारीक झाली, तिनं नाकातून श्वास सोडला, आणि पाद्र्यानं पुस्तकात घातलेलं बोट हलवलं. आणखी थोडा वेळ गेला असता तर त्यानं पान उलटलं असतं.

तेव्हा रोझेर वळला. सरळ पाठ केली त्यानं सगळ्यांकडे आणि पेटीच्या वरून नदीकडे तोंड केलं. बायकांमध्ये कुजबूज झाली. "अगं बाई, चालला की काय?" कुणीतरी म्हणालं. पण तो गेला नाही. त्याचे दोन्ही हात पोटापाशी आले आणि मुठी सैल मिटल्या, जणू त्यांत लगाम होता.

"मंडळी," तो म्हणाला, "डाव्या हाताला बघा."

तीस माणसांनी डावीकडे बघितलं. पाद्र्यानंसुद्धा.

"ते पांढरं घर दिसतंय, हिरव्या पत्र्याचं? त्या घरात रोलाँद जन्मली. वरची खिडकी तिची. हिवाळ्यात आतून बर्फ धरायचा, ती नखानं त्यावर गायी काढायची. फाटकापाशी धोंडा आहे तो तिच्या बाबांनी ठेवलाय, चाकासाठी. तो धोंडा होता म्हणून माझं लग्न झालं. उजव्या हाताला चर्चची पायरी. तिथं लग्नाच्या दिवशी ती घसरली आणि मी तिला धरलं असं मी सांगत असतो. मी नाही धरलं. क्लोव्हिसनं धरलं."

"धरलं होतं बरं का," क्लोव्हिस मागून म्हणाला, आणि दोघेतिघे हसले.

"शहरातला तो मोठा शातो तुम्हाला इथून दिसणार नाही. तिथं राजे येऊन गेले. रोलाँदनं त्यांच्या चादरींना इस्त्री केली. ती म्हणायची, राजाची चादर पण तशीच चुरगळते."

"खरं आहे," इस्त्रीखात्यातली एक बाई म्हणाली. "आणि तिच्या घडीला कधी सुरकुती नसायची."

"नसायची," रोझेर म्हणाला. त्याचा आवाज बग्गीवरचा आवाज झाला होता, सपाट आणि दूरवर जाणारा. "घरी मी भांडी घासायचो आणि ती ऐकायची. मी काही वाढवून सांगितलं की म्हणायची, गोळा नको. तिनं मला सांगून ठेवलंय, आजही गोळा नको. म्हणून सांगतो."

तो थांबला. पाठ तशीच. इथं स्प्रिंग नव्हत्या. मागची माणसं पुढे वाकलीत की मागे रेललीत, त्याला काही कळायला मार्ग नव्हता.

"ती गेली तेव्हा मी तिचा हात धरला नव्हता. मी तिथं नव्हतोच. ती दोन वाजून दहा मिनिटांनी गेली. खोलीत कुणी नव्हतं. मी चारला पोचलो. ह्युगेतनं विचारलं आणि मी तिला हवं ते सांगितलं, कारण मला तेवढंच येतं. हाताचं खोटं आहे. डोळ्यांचं खोटं आहे. तिनं माझं नाव घेतलं की नाही मला माहीत नाही. ऐकायला कुणी नव्हतं."

हंस तेवढे बोलत होते. मग गवतावर पावलं वाजली, एका माणसाची, जड. ह्युगेत त्याच्या पाठीशी येऊन थांबली. तिचा श्वास त्याला ऐकू येत होता.

"एकटी होती?" तिनं विचारलं.

"एकटी."

"आणि तू? दोन वाजून दहा मिनिटांनी तू कुठं होतास?"

"झाडापाशी."

"काय करत होतास?"

"गोळ्याची गोष्ट सांगत होतो. ओहायोच्या एका पोरीला."

ती हंसांकडे बघत राहिली. मग म्हणाली, "रोलाँद हसली असती."

"हो."

"मी नाही हसणार. तीन महिने मी त्या हातावर झोपलेय. सगळ्या गावाला वाटलाय मी तो." तिचा आवाज फाटला. "आता मी काय धरून झोपू, सांग?"

 नदीकडे बघत तो उभा राहिला. प्रवाशाला ऐकायला आवडेल असं एकही वाक्य त्याच्यापाशी उरलं नव्हतं.

"वळ," ह्युगेत म्हणाली.

तो हलला नाही.

"वळ म्हणते ना. चौतीस वर्षं झाली मी तुझी पाठ बघतेय. वळ आणि माझ्याकडे बघून सांग."

तो वळला. ह्युगेतचा चेहरा हातभर अंतरावर होता, लाल, ओला आणि संतापलेला, आणि हनुवटी रोलाँदची होती. फेब्रुवारीपासून ही हनुवटी समोर होती आणि त्यानं एकदाही बघितली नव्हती. तिच्यामागे तीस चेहरे होते, आणि सगळे त्याच्याकडेच बघत होते.

"ती एकटी होती, ह्युगेत," तो म्हणाला. "मी तिला एकटीला सोडलं."

आणि दुखायला लागलं. गोठलेल्या बोटाला ऊब लागली की दुखतं तसं, आधी टोकाला, मग सगळीकडे, असं की उभं राहवेना. तो पेटीशेजारी ओल्या मातीत गुडघ्यांवर बसला आणि सगळ्यांसमोर मोठ्यानं रडला, तोंड न झाकता. ह्युगेतनं त्याला उठवलं नाही, त्याच्या खांद्यावर हातही ठेवला नाही. ती तिथंच उभी राहिली. खूप वेळानं तिनं हॅट सरळ केली, पर्समधून रुमाल काढला आणि त्याच्यासमोर धरला.

"पुस," ती म्हणाली. "आणि तिची गोष्ट पुरी कर. लग्नाशी आणून सोडलीस, पुढची सगळी वर्षं राहिलीत." मग पेटी उतरवायला थांबलेल्या माणसांकडे वळून म्हणाली, "तुम्ही थांबा जरा. याचं अजून व्हायचंय."